१६ स्ट्रोक: एका बेअरिंगचं आणि एका विकी पानाचं प्रकरण

प्रत्येक जागी दोन पंप, एक चालू आणि एक स्टँडबाय, अशी त्या हॉलची रचना होती. त्या दिवशी चालू पंपाचं मेकॅनिकल सील बदलायचं ठरलं होतं, म्हणून सकाळच्या पाळीने स्टँडबाय सुरू केला आणि चालू पंप उघडायला घेतला. स्टँडबाय दर आठवड्याला १० मिनिटं चालवून पाहिला जायचा आणि दर वेळी सुरळीत चालायचा. त्या दिवशी मात्र त्याला सलग चालायचं होतं. पाचव्या तासाला ऑपरेटरचा निरोप आला की मोटारीच्या कपलिंगकडच्या बेअरिंगवर हात ठेववत नाही. तापमान मोजलं तर ९५ अंश सेल्सिअस. मोटार थांबवेपर्यंत बेअरिंगचा केज तुटला होता, आणि शेजारचा पंप तर सुटा होऊन टेबलावर पडलेला. लाइन ९ तास बंद राहिली.

संध्याकाळी बेअरिंगचं कव्हर काढलं. सगळ्यांना वाटत होतं, आत कोरडं निघेल, कुणीतरी ग्रीसिंग चुकवलं असेल. निघालं उलटंच. कव्हरच्या आतली पोकळी ग्रीसने गच्च भरलेली होती. ग्रीस काळं पडलेलं, त्यातलं तेल वेगळं होऊन खाली साचलेलं, करपल्याचा वास. शाफ्टच्या कडेने ग्रीस आत जाऊन वाइंडिंगवरही त्याचा थर बसला होता. खालच्या बाजूचा ड्रेन प्लग पाहिला, तर त्याच्या आट्यांवरून मोटारीचा मूळ रंग अखंड पसरलेला. म्हणजे मोटार बसवल्यापासून तो प्लग एकदाही उघडला नव्हता. जास्तीचं ग्रीस बाहेर पडायला वाट म्हणून तो दिलेला असतो.

बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडलं की झीज होते, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तर काय होतं, याची कल्पना त्या मानाने कमी जणांना असते. पोकळी पूर्ण भरली की गोळ्यांना फिरताना ते ग्रीस सतत घुसळावं लागतं. घुसळल्याने उष्णता तयार होते, उष्णतेने ग्रीसमधलं तेल सुटतं, आणि मग भरलेल्या डब्यातच बेअरिंग कोरडं चालायला लागतं. १० मिनिटांच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही, कारण तेवढ्या वेळात ते तापतच नाही.

मी त्या विभागात देखभालीचं नियोजन पाहत होतो, आणि कार्यपद्धतींचा जो विकी आम्ही वापरत होतो त्याचा प्रचालकही (ॲडमिनही) मीच होतो. म्हणून हे प्रकरण दोन्ही टोकांनी उलगडायची जबाबदारी माझ्याकडे आली. ते जसं उलगडत गेलं तसंच इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील तेवढे काढले आहेत.

कार्ड काय सांगत होतं

आमच्याकडे दोन व्यवस्था होत्या. देखभाल नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांची नोंदवही, पीएमची (बिघडण्याआधीच करायच्या नियमित देखभालीची) वेळापत्रकं, जॉब कार्डं, सुटे भाग आणि ब्रेकडाउनचा इतिहास. विकीवर, आमचा मीडियाविकी होता, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर, काम कसं करायचं त्याची पानं. कोणतं काम कधी करायचं हे सॉफ्टवेअरने सांगायचं आणि कसं करायचं हे विकीने, अशी वाटणी आम्ही मनात केलेली होती. लिहून कुठेच ठेवली नव्हती.

आधी जॉब कार्डं काढली. मागच्या ४८ आठवड्यांत त्या मोटारीच्या ग्रीसिंगची ४ कार्डं होती, दर १२ आठवड्यांनी एक. चारही बंद, चारहींवर 'पूर्ण'. अहवालात ही मोटार आदर्श दिसत होती. मग मी कार्ड निघाल्याची तारीख सोडून काम झाल्याची तारीख लावली, तेव्हा चित्र बदललं. एक कार्ड दुसऱ्या विभागाच्या मोठ्या शटडाउनमुळे १२ आठवडे रेंगाळलं होतं. तोवर पुढचं कार्डही निघालं. दोन्ही उघडी, दोन्हींवर तेच काम. एका आठवड्यात एका पाळीने जुनं कार्ड पूर्ण केलं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या पाळीने नवं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. त्या महिन्याच्या अहवालात या मोटारीपुढे दोन हिरव्या खुणा होत्या.

हे सॉफ्टवेअरच्या एका साध्या सेटिंगमुळे झालं. पुढची तारीख कशावरून मोजायची, ठरलेल्या तारखेवरून की काम प्रत्यक्ष झालं त्या तारखेवरून? कायद्याने ठरलेल्या तपासण्यांना पहिला प्रकार योग्य, कारण तिथे तारीख हलवण्याची मुभाच नसते. ग्रीसिंग, फिल्टर, तेल बदलणं अशा कामांना दुसरा प्रकार हवा, नाहीतर उशिरा झालेल्या कामाच्या पाठीवर पुढचं येऊन बसतं. आमच्या साऱ्या पीएम योजना एकाच वेळी, एकाच नमुन्यावरून तयार केल्या होत्या. सगळ्यांना पहिलाच प्रकार लागला होता. नवं सॉफ्टवेअर घेताना लोक स्क्रीन कशी दिसते यावर तासभर बोलतात, पण हा प्रश्न विचारत नाहीत. मीही विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १२ आठवडे हे कॅलेंडरचे होते. चालू पंपाच्या मोटारीला ते लागू पडत होते. स्टँडबाय आठवड्याला १० मिनिटं चालणार, म्हणजे वर्षभरात ९ तासही नाही, आणि तिलाही तेवढंच ग्रीस, तेवढ्याच वेळा. शिवाय तिचं ग्रीसिंग मोटार थांबलेली असताना व्हायचं. फिरत्या बेअरिंगमध्ये ग्रीस पसरतं आणि जास्तीचं उघड्या ड्रेनवाटे बाहेर येतं. थांबलेल्या आणि प्लग बंद असलेल्या बेअरिंगमध्ये ते नुसतं साठत जातं.

हे सगळं कळल्यावरही हिशोब पुरा लागत नव्हता. ४ वेळा भरलं तरी इतकं ग्रीस कसं? कार्डावर कामाची एकच ओळ होती: 'ग्रीस करा, १६ स्ट्रोक. विकी पाहा.' स्ट्रोक म्हणजे ग्रीस गनचा दांडा एकदा पूर्ण दाबणं.

पानाचा इतिहास

विकीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 'इतिहास' हा टॅब. कुणी, कधी, काय बदललं हे तिथे शब्दागणिक दिसतं. ग्रीसिंगच्या पानाला ७ आवृत्त्या होत्या. पहिली माझी. त्यात मी लिहिलं होतं: ६३०९ बेअरिंगला १२.५ ग्रॅम. हा आकडा बेअरिंग बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत असतो त्या सूत्रातून आला होता, बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५. ६३०९चा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, रुंदी २५, म्हणून १२.५ ग्रॅम. कागदावर अगदी बरोबर.

चौथ्या आवृत्तीत '१२.५ ग्रॅम' खोडून '१६ स्ट्रोक' झालं होतं. बदलाच्या सारांशात ओळ होती: 'ग्रॅम कुणाला मोजता येत नाही, स्ट्रोक लिहिले.' रात्रपाळीच्या एका ज्येष्ठ फिटरचा हा बदल.

मी त्यांच्याकडे गेलो. चुकीचा आकडा कुणाचा ते शोधायला आलो आहे, असं त्यांना वाटू नये याची मला काळजी होती. म्हणून आधी इतकंच विचारलं, "मामा, हे १६ कसे काढले होते तुम्ही?"

"साहेब, पानावर ग्रॅम लिहिलं होतं. आता पंपाशी उभं राहून ग्रॅम कसं मोजायचं? वजनकाटा घेऊन फिरतं का कोणी? म्हणून एका रात्री प्रयोगशाळेच्या काट्यावर कागद ठेवला, गनचे १० स्ट्रोक मारले. ८ ग्रॅम भरलं. मग १६ स्ट्रोकला साडेबाराच्या आसपास येतं की."

येतंच. एका स्ट्रोकला ०.८ ग्रॅम, १६ स्ट्रोकला १२.८. त्यांनी केलं ते माझ्या पहिल्या आवृत्तीपेक्षा चांगलं काम होतं. मी आकडा दिला होता. तो हातात कसा उतरवायचा हे त्यांनी शोधलं होतं. मला ते इतकं पटलं होतं की त्यांचा बदल पाहून जॉब कार्डातली ओळही मीच बदलली होती. कार्डावरचे १६ तिथून आले.

"आणि ती गन कुठे आहे आता?"

"ती कधीच गेली. स्टोअरने नवीन दिल्यात ना सगळ्यांना."

आम्ही दोघं नवी गन घेऊन त्याच काट्यापाशी गेलो. कागद ठेवला, काटा शून्यावर आणला, १० स्ट्रोक मारले. १४ ग्रॅम. म्हणजे १६ स्ट्रोकला २२.४ ग्रॅम, गरजेच्या जवळजवळ दुप्पट. ४ वेळा मिळून ९० ग्रॅमच्या आसपास, त्यातलं निम्मं एकाच आठवड्यात, आणि तेही वर्षाला ९ तास न चालणाऱ्या मोटारीत.

पानावरचा एक शब्दही बदललेला नव्हता. पानाबाहेर गन बदलली होती, आणि बरोबर असलेलं पान जागच्या जागी चुकीचं झालं होतं. आकडा उरला होता. तो ज्यावर उभा होता ते ०.८ ग्रॅम कुठेच लिहिलेलं नव्हतं.

यानंतर मी त्या पानाचं चर्चा पान, म्हणजे शंका-सूचना लिहायचं जोडपान, उघडलं. खरं सांगायचं तर उशिरा उघडलं, आधी उघडायला हवं होतं. तिथे एकच नोंद होती, ११ महिन्यांपूर्वीची, दुसऱ्या एका तरुण फिटरची: 'नवीन ग्रीस गन आली आहे. स्ट्रोक तेवढेच ठेवायचे का?'

खाली काही नाही. कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. ते पान माझ्या निरीक्षणसूचीत (बदल झाला की कळवणाऱ्या यादीत) होतं, पण सूचना माझ्या ईमेलच्या अशा फोल्डरमध्ये जात होत्या जो मी उघडत नव्हतो. नेमका प्रश्न, नेमक्या वेळी, नेमक्या जागी विचारला गेला होता. या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट हीच. बेअरिंगचं नुकसान भरून आलं. पण त्या मुलाने त्यानंतर विकीवर काहीच लिहिलं नव्हतं, हे मला त्याच्या योगदानांच्या यादीत दिसलं.

विकी बंद करायचा का

बैठकीत अपेक्षेप्रमाणे प्रस्ताव आला: कुणीही उठून आकडे बदलतो, विकी बंद करा, मंजूर झालेल्या पीडीएफ ठेवा. प्रस्ताव मांडणारे अनुभवी होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. तरी मी त्याला ठाम विरोध केला, आणि आजही करेन.

विकीच्या आधी आमच्याकडे जाड फायली होत्या. त्याच मामांनी तेच '१६ स्ट्रोक' त्या फायलीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं असतं. ना तारीख, ना नाव, ना कारण. बेअरिंग तसंच गेलं असतं, आणि का गेलं ते आम्हाला कधीच कळलं नसतं. इथे अर्ध्या तासात कळलं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला तेव्हापासून या प्रकाराच्या संकेतस्थळांचा पाया असा आहे की चूक करणं अवघड करण्यापेक्षा चूक दुरुस्त करणं सोपं करावं. पण दुरुस्त करणारा कुणीतरी बघत असेल तरच ते चालतं. आमच्याकडे खुलेपणा होता, पहारा नव्हता. खुलेपणा काढून घेतला असता तर दोन्ही गेले असते.

वीज तोडणं आणि कुलूप लावणं, बंदिस्त जागेत उतरणं, उचलण्याची कामं, एवढी पानं आम्ही संरक्षित केली. तिथे बदल सुचवायचा असेल तर चर्चा पानावर, आणि सुरक्षा विभागाने पाहिल्यावरच मूळ पानात. बाकी सगळी पानं खुली ठेवली.

आता दुरुस्ती. हा भाग मी विस्ताराने लिहितो, कारण आमचा पहिला उपायच फसला होता आणि तो फसणं बाहेरून दिसत नव्हतं.

पहिला उपाय असा: जॉब कार्डावर 'विकी पाहा' लिहिण्याऐवजी पानाच्या नेमक्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्यायचा. मीडियाविकीत प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचा दुवा नेहमी तीच आवृत्ती दाखवतो. कार्ड ज्या दिवशी निघालं त्या दिवशी फिटरसमोर काय होतं, हे पुढे कधीही कळेल असा विचार होता. चांगला वाटला, लावला.

दोन आठवड्यांनी बंद झालेलं एक कार्ड सहज तपासत होतो. त्यावरच्या दुव्याने जुनी आवृत्ती उघडली, वर 'ही जुनी आवृत्ती आहे' अशी पट्टीही होती, आणि आत ग्रीसचा आकडा मात्र आदल्या दिवशी दुरुस्त केलेला, नवा. मी पान दोनदा उघडून पाहिलं. मग लक्षात आलं. आकडे अनेक पानांवर सारखे राहावेत म्हणून ते आम्ही एका साच्यात ठेवले होते आणि पानांत तो साचा जोडला होता. मीडियाविकी जुनी आवृत्ती दाखवताना पानाचा मजकूर जुना घेतो, पण साचा आजचा घेतो. म्हणजे साच्यातला आकडा बदलला की तो साचा जोडलेल्या सगळ्या पानांच्या जुन्या आवृत्त्याही नवा आकडा दाखवायला लागतात. पुरावा म्हणून ज्यावर विसंबायचं ठरवलं होतं, तोच पुरावा मागे जाऊन बदलत होता. यात मीडियाविकीचा दोष नाही. साचे त्यासाठीच असतात, एका जागी बदल की सगळीकडे बदल. आम्ही ते चुकीच्या कामाला लावले होते.

मग वाटणी पुन्हा केली, आणि या वेळी लिहून केली. ज्या आकड्याचा संबंध एका विशिष्ट यंत्राशी आहे तो विकीवर राहणार नाही. कोणत्या मोटारीला किती ग्रॅम, कोणतं ग्रीस, किती तासांनी, हे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत त्या मोटारीच्या नावाखाली. तिथून तो आकडा कार्डावर आपोआप छापला जातो, मला उचलून टाकावा लागत नाही. विकीवर फक्त पद्धत: निपल (ग्रीस आत सोडायचं तोंड) पुसा, ड्रेन प्लग काढा, मोटार चालू असताना आणि हात फिरत्या भागापासून लांब असतील अशाच जागी हळूहळू ग्रीस भरा, जास्तीचं बाहेर येईपर्यंत मोटार चालू द्या, मग प्लग लावा. आणि कार्ड बंद होताना त्या क्षणी पान जसं दिसत होतं तशी त्याची प्रत कार्डालाच जोडली जाते. साच्याचा प्रश्न त्यामुळे मुळातूनच गेला.

ग्रॅमचे स्ट्रोक करायची मामांची युक्ती आता विकीवर स्वतंत्र पान आहे. 'ग्रीस गनचं वजन कसं काढावं': कागद, काटा, १० स्ट्रोक, भागिले १०. प्रत्येक गनला तारेने एक पत्र्याचा बिल्ला अडकवलेला आहे, त्यावर पंचने ठोकलेलं '१ स्ट्रोक = १.४ ग्रॅम' आणि महिना. आकडा आता त्या गनलाच बांधलेला आहे. गन गेली की आकडाही तिच्याबरोबर जातो.

स्टँडबाय मोटारींचं वेळापत्रक कॅलेंडरवरून काढून चालू तासांवर नेलं. तासांची नोंद साप्ताहिक चाचणी करणारा ऑपरेटरच करतो. इतर ६ स्टँडबाय मोटारींची कव्हरं उघडून पाहिली. चारमध्ये ग्रीस गच्च होतं. त्या चारपैकी एकही तोपर्यंत तक्रार करत नव्हती.

पानांनाही देखभाल

यानंतर माझ्या डोक्यात आलं की विकीचं पान हेही एक यंत्र समजावं. त्याला नोंदवहीत क्रमांक द्यावा, पालक नेमावा आणि त्याचीही पीएम लावावी. कामाला लागलो. आधी विकीतच करून पाहिलं: पानावर तपासणीची तारीख, ती उलटली की पान 'तपासणी बाकी' या वर्गात जाईल असा साचा. तो नीट चालेना. तारीख उलटली तरी पान वर्गात दिसत नव्हतं, कारण मीडियाविकी वर्गाची नोंद ताजी करतो ती पान पुन्हा जतन झाल्यावर, नुसता दिवस बदलला म्हणून नाही. शांत पडलेली, कुणी हात न लावलेली पानंच आम्हाला शोधायची होती, आणि नेमकी तीच यादीत येत नव्हती. म्हणून हे काम सॉफ्टवेअरकडे दिलं. तारखा पाळणं हे त्याचंच काम आहे.

सुरुवातीला सगळ्या पानांना दर ६ महिन्यांनी तपासणी लावली. पहिल्या फेरीत लोकांनी पानं उघडली, वाचली, 'ठीक' लिहून कार्ड बंद केलं. मला ती हिरव्या खुणांची रांग ओळखीची वाटली आणि अस्वस्थ करून गेली.

देखभालीच्या क्षेत्रात हा धडा फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये विमानांची दर ५० उड्डाण-तासांनी तपासणी व्हायची. कॉनराड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदी मांडून पाहिल्या, तर बिघाड तपासणीच्या लगेच नंतर वाढत होते आणि मग हळूहळू कमी होत होते. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात दिसलं की विमानाच्या ज्या घटकांचा अभ्यास झाला त्यातल्या फक्त ११ टक्के घटकांत वय आणि बिघाड यांचा संबंध होता. ६८ टक्के घटक असे की सुरुवातीला बिघडण्याची शक्यता जास्त, नंतर कायम सारखीच. ठरावीक काळाने उघडून पाहण्याचा बहुतेक घटकांना उपयोग नव्हता.

विमानाचे आकडे विकीच्या पानाला लावता येत नाहीत, हे मला कळतं. पण त्यांनी मला योग्य प्रश्न विचारायला लावला: आमची पानं कशाने बिघडतात? मागची सगळी चुकीची निघालेली पानं समोर घेऊन बसलो. जुनी झाली म्हणून बिघडलेलं एकही नव्हतं. ती दोनच प्रकारे बिघडली होती. एकतर नुकताच बदल झाला होता आणि त्या बदलातच गडबड होती. किंवा पानाबाहेरची एखादी वस्तू बदलली होती: गन, ग्रीसचा प्रकार, गास्केटचं माप, पॅनेलवरचं बटण.

म्हणून ६ महिन्यांची तपासणी रद्द केली. त्याऐवजी दोन गोष्टी. कोणत्याही पानात बदल झाला की त्या पानाचा पालक पुढच्या पाळीच्या आत तो वाचतो, आणि बदल आकड्याचा किंवा क्रमाचा असेल तर यंत्रापाशी जाऊन वाचतो. दुसरं, स्टोअरमध्ये एखाद्या वस्तूचा कोड किंवा पुरवठा बदलला की सॉफ्टवेअर ती वस्तू वापरणाऱ्या पानांची कार्डं काढतं. यासाठी प्रत्येक पानाखाली त्यात वापरलेल्या वस्तूंचे कोड लिहावे लागले. कंटाळवाणं काम होतं, तीन जणांनी मिळून कित्येक आठवडे केलं, आणि अजूनही पूर्ण झालेलं नाही. पण मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं काम तेच.

चर्चा पानावरचा प्रश्न आता तिथेच राहत नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये काम-विनंती म्हणून उतरतो, त्याला क्रमांक पडतो, आणि उत्तर दिल्याशिवाय बंद होत नाही. पालकांची नावं पानाच्या वरच आहेत.

अजून न सुटलेली एक गोष्ट आहे. बाहेरून येणाऱ्या कामगारांना विकीचं लॉगिन नसतं. त्यांना छापील पान दिलं जातं, त्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि 'फक्त आजच्यासाठी' असं मोठ्या अक्षरात असतं. तरी मागच्या शटडाउनमध्ये एका टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेलं जुनं पान मला सापडलं. घड्या पडलेलं, ग्रीसच्या बोटांनी मळलेलं, त्यावर '१६ स्ट्रोक'. ज्याचा टूलबॉक्स होता तो म्हणाला, "हे जपून ठेवलंय, कामाला येतं." मी त्याच्याबरोबर गन घेऊन काट्याकडे गेलो.

त्या तरुण फिटरच्या प्रश्नाखाली मी उत्तर लिहिलं, ११ महिने उशिरा, तारखेसह: नाही, स्ट्रोक तेवढे ठेवायचे नाहीत, आणि हे आधी सांगायला हवं होतं. तीन दिवसांनी त्याने खाली आणखी एक ओळ टाकली. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या दोन मोटारींना निपलच नाहीत, दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगं आहेत, तरी त्यांच्या नावाने ग्रीसिंगची कार्डं निघतात. जाऊन पाहिलं. खरंच नव्हते.